मागच्या सीटवरचा गडू

मोटार दुरुस्त करता येत नसेल तर माणसाला मोटारीच्या भागांची नावं पाठ असू नयेत. मला होती, म्हणून तो रविवार माझ्या वाट्याला आला.

मी तेव्हा डिचोलीकडच्या एका खाणीच्या स्टोअरमध्ये नोकरी करत होतो. ट्रकांचे सुटे भाग खिडकीतून काढून द्यायचे, एवढंच काम. गॅस्केट कुठल्या फळीवर, फॅनबेल्ट कुठल्या खिळ्याला, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. ती गॅस्केट बसवायची कशी, हे मात्र कधी जवळ उभं राहून पाहिलंही नव्हतं. आमच्या गावात हा फरक कोणी करत नसे. चोपड्याहून केरीला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव मासेमारीचं आणि शेतीचं. इंजिन म्हणजे एकतर होडीचं, नाहीतर बसचं. त्यामुळे खाणीवर नोकरीला असलेला मी म्हणजे मोठा मेकॅनिक. वासरात लंगडी गाय शहाणी, आणि खोटं कशाला सांगू, ते शहाणपण मला आवडायचंही.

शेजारी राहायचा भाटकार. आमच्याकडे जमीनदाराला भाटकार म्हणतात. याच्या बाबतीत जमीन कायद्याने कुळांकडे गेली होती आणि भाटकारपण तेवढं याच्याकडे उरलं होतं. कुळांविरुद्ध पणजीपर्यंत दावे लढवणं हा त्याचा धंदा, आणि मोटार हे त्याचं दुखणं. गाव सोडून पोर्तुगालला गेलेल्या एका माणसाची ती जुनी, गोल पाठीची गाडी त्याने घेतली होती. रंग उडालेला, एक दार सुतळीने बांधलेलं. गोवा राज्य झालं, भाषेवरून रंगलेल्या भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या, तरी ती गाडी महिन्यातून एखाद्या वेळीच रस्त्याला लागायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. याचा पीळ चार चाकांवर उभा होता. मी त्याला तोंडावर काका म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी सकाळी काकीच्या माहेरचा गडी पहिल्या बसने निरोप घेऊन आला. काकी म्हणजे भाटकाराची बायको. तिचं माहेर तेरेखोलची नदी ओलांडून पलीकडे, रेडीच्या वाटेवर. केरीपर्यंत बस, तिथून फेरीबोट, मग थोडं पायी; मनात आणलं तर माणूस जेवायच्या आत पोचतो. मी आमच्या पडवीत चहा पीत होतो आणि दोन घरांमधल्या बुटक्या दगडी गडग्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"आयेचा काय खरा नाय," गडी सांगत होता. "पेज सोडा, पाणी पण गळ्याखाली जायना. 'माजा चेडू येतला, गंगा घालतला', इतक्याच म्हणता."

चेडू म्हणजे लेक, आणि ही गंगा म्हणजे काय ते आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. काकीची आई आयुष्यात एकदाच लांब गेली, ती काशीला. तिथून तिने गंगेचे दोन गडू आणले, आत तुळस घालून तोंडं लाखेने बंद केलेले. एक यात्रेहून आल्यावर पूजा करून फोडला. दुसरा लेकीच्या हातात दिला आणि सांगितलं, हा माझ्या मरणाचा, माझ्या तोंडात तूच घालायचा. तेव्हापासून तो गडू काकीच्या देव्हाऱ्यात होता. रोज त्याच्यावर फूल पडायचं. आईला मुलगा होता, सून होती, तरी हे काम तिने लेकीला दिलं, याचा काकीला फार अभिमान. बिचारीला दुसरा कशाचा होता?

काकी गडू घेऊन नऊवारीवर शाल टाकून बाहेर आली. गडी म्हणाला, "चला, ही बस परत केरीक जाता. माज्यावांगडाच चला." ती पायरी उतरलीही होती. तेवढ्यात भाटकार बाहेर आला.

"घरात गाडी आसताना भाटकारीण बसान जातली? लोकां काय म्हणतली?" आणि गड्याला म्हणाला, "तू फुडे जा. तुज्या आदी आमी पावतलो."

गडी बसमध्ये बसला. काकी गाडीच्या मागच्या सीटवर बसली, गडू मांडीवर. भाटकाराने कोट घातला, टोपी घातली आणि स्टार्टर मारला. गाडी एकदा खोकली आणि मेली. मग त्याने गडग्यावरून मला हाक मारली.

मी गेलो. आधी सरळ सांगितलं, "काका, तुम्ही काकीला बसने पाठवा. गाडी झाली की मागून या."

"अर्ध्या घंट्याचा काम," तो म्हणाला. "प्लग काढून पूस."

तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, एक खरा मेकॅनिक होता. पण त्याच्या भिंतीवर भाषेच्या वादात कोकणीची घोषणा होती, आणि आमचा भाटकार कट्टर मराठीवाला. दोघांनी भर तिठ्यावर एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या होत्या. काढल्या त्या एकाच भाषेत. आमच्या पेडणे तालुक्यात दुसरी बोलता येते कोणाला? पण त्या दिवसापासून भाटकाराने शपथ घेतली होती की जीव गेला तरी त्याच्या दारात जाणार नाही. जीव दुसऱ्याचा जात होता, त्यामुळे शपथ पाळणं सोपं होतं.

मी प्लग काढले. काचकागदाने घासले, पुन्हा बसवले. ठिणगी पडते का बघायला एक प्लग हातात धरून त्याला स्टार्टर मारायला सांगितलं, आणि असा झटका बसला की कोपरापर्यंत हात बधिर झाला. भाटकार हसला. म्हणाला, "बघ, करंट आसा!" मग बॅटरी. मग उतारावरून ढकलणं. मी ढकलायचो, तो आत बसून "मार जोर!" म्हणायचा, आणि काकी मागे बसलेली. तिचंही वजन ढकलतोय हे तिला इतकं लागत होतं की ती एकदा उतरायला लागली. तो आतूनच ओरडला, "बस थयच! साडी मळतली."

गाडी चालू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली आणि बंद पडली. परत ढकलत आणली. आता कार्ब्युरेटर. त्याचं नाव मला छान येत होतं. मी तो उघडला, जेटच्या बारीक भोकात तोंडाने फुंकर मारली, तोंड पेट्रोलने भरलं, थुंकलो, पुन्हा बसवला. एक छोटी स्प्रिंग हातात उरली. ती कुठली हे मला आजही माहीत नाही. मी ती खिशात टाकली. गाडी चालू झाली! भाटकाराने माझ्या पाठीवर थाप मारली, मला पुढे बसवलं, आणि आम्ही पिंपळापर्यंत गेलो. पिंपळाखाली ती पुन्हा मेली.

एवढ्यात दुसरी बस आली. कंडक्टर ओळखीचा; त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "भाटकार, येतात?" भाटकाराने बॉनेटमध्ये डोकं घातलं. मी मागचं दार उघडून म्हणालो, "काकी, उतरा आणि जा." तिने नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. ती बसूनच राहिली.

मला तिचाही राग आला. आजही येतो. आई पलीकडे पाण्यावाचून तडफडते आणि ही बाई नवऱ्याची पाठ वळायची वाट बघते! पण ज्या घरात साडी मळेल म्हणून गाडीतून उतरायची परवानगी नाही, त्या घरातल्या बाईला बस पकडायला काय लागतं, ते मला कुठून कळणार? बस धूळ उडवून गेली.

दुपार झाली. मी पॉइंट घासले, कॉइलच्या वायरी काढून लावल्या, काढून लावल्या. नाचता येईना अंगण वाकडे, तसं मी स्पॅनरला शिव्या दिल्या, स्क्रूड्रायव्हरला दिल्या. भाटकार मला शिव्या देत होता, अगदी मायेने: "खाणीर तुका पगार कित्याक देतत रे? हात आसत का खुंट?" मी दोनदा हत्यारं टाकून निघालो आणि दोनदा परत वळलो, ते मागच्या सीटकडे बघून. काकीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी तांब्या दिला तर म्हणाली, "आवय तानेली आसा," आणि आई तहानलेली म्हणून तो तसाच परत केला.

मग अचानक गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. का ते विचारू नका. आम्ही निघालो. तिठ्यावरून जाताना भाटकाराने मान ताठ केली, काच वर केली आणि मेकॅनिकच्या गॅरेजसमोरून देवाचा रथ न्यावा तशी गाडी नेली. ओठ हलत होते. बहुतेक इथं बंद पडू नकोस म्हणून देवीला गाऱ्हाणं घालत असावा. देवीने ऐकलं. हरमल मागे पडलं, केरीच्या सड्याचा, म्हणजे कातळी पठाराचा, चढ लागला, आणि निम्म्या चढात गाडी मेली.

तिथे सावली नाही, घर नाही, नुसता कातळ. मी बॉनेट उघडलं. या वेळी मला इतका संताप आला होता की मी डोकं वापरलं. पेट्रोल गाळायची काचेची छोटी वाटी असते, ती मी सकाळपासून दहादा बघितली होती आणि एकदाही उघडली नव्हती. ती काढून कातळावर ओतली आणि काडी ओढून त्यात धरली. काडी विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली.

घोडं कुठे पेंड खात होतं ते आत्ता कळलं. मी कार्ब्युरेटर साफ करत होतो, आणि टाकीच्या तळाचं पाणी प्रत्येक वेळी पुन्हा वर येत होतं.

"काका, पेट्रोलात पाणी आहे."

"पंपवालो चोर!" तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की माझ्या लक्षात यायला हवं होतं. "म्हापशाचे सगळे चोर."

मी गाडीखाली आडवा झालो, टाकीच्या तळाचा बोल्ट काढला आणि खाली रिकामा डबा धरला. आधी पाणी आलं. गंजाने लाल झालेलं, पण पाणीच, आणि थोडंथोडकं नव्हे. मागून पेट्रोल आलं. मी बोल्ट लावला, डबा बाहेर ढकलला आणि स्वतः बाहेर आलो. पाण्यात काहीतरी काळं तरंगत होतं. बोटाने काढलं. तुळशीची मंजिरी होती, काळी पडलेली, पण तुळशीचीच. आमच्याकडे मंजिरी ओळखायला शिकावं लागत नाही.

"पंपवाला तुळस घालतो वाटतं," मी म्हणालो.

मागच्या काचेतून काकी बघत होती. तिने दार उघडलं, खाली उतरली, मळायची तर मळो म्हणून कातळावरच बसली आणि माझ्या बोटावरची मंजिरी बघितली. मग मांडीवरचा गडू डोळ्यांजवळ नेऊन त्याची लाख बघितली. नखाने खरवडली.

"ही लाख कोर्टाची," ती म्हणाली.

भाटकाराच्या मेजावर लाखेची कांडी असायची, दाव्याच्या पाकिटांना लावायला. लालभडक. गडूची मूळची लाख काळपट होती, रोज फूल वाहणाऱ्या बाईला ते माहीत होतं. ती म्हणाली, गेल्या दसऱ्यानंतर तिला लाख चकाकल्यासारखी दिसली होती, पण समईच्या धगीने वितळली असेल म्हणून तिने मनाची समजूत घातली.

"दसऱ्याक मी भायली होतंय," ती म्हणाली. बाहेरची असली की तिला चार दिवस देव्हाऱ्याजवळ जायचं नसे. पूजा तोच करायचा. त्या दसऱ्याला देवांचीही त्यानेच केली आणि गाडीचीही.

"किती घातल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

मला वाटलं तो नाकारेल. पण नाकारायचं असतं लाज असली तर. तो टोपी सारखी करत म्हणाला, "गाडी सारकी बंद पडा होती. भटान सांगल्यान, गाडयेक तीर्थ दी. साधा तीर्थ कशाक, घरात गंगा आसा तर? अर्धी घातलंय. वरसून बांयचा पाणी भरलंय. गंगेचो एक थेंब पडलो काय सगळी गंगाच. काय उणा झाला?"

बांय म्हणजे विहीर. मरणाऱ्या बाईच्या तोंडात घालायच्या गडूत त्याने घरच्या विहिरीचं पाणी भरलं होतं, आणि गंगा मोटारीला पाजली होती. मला हसू फुटलं. खरं सांगतो, मी मोठ्याने हसलो, आणि हसता हसता मला त्याच्या तोंडावर डबा फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण डब्यातलं वरचं पेट्रोल परत टाकीत घालायचं होतं. ते मी गाडीतल्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. काकीने फडकं धरलं.

त्यानंतर ती गाडी अशी पळाली की नवी असतानाही पळाली नसेल. सडा चढली, उतार उतरली, एकदा खोकली नाही. भाटकाराचा चेहरा उजळला. "बघलंय?" तो मला म्हणाला.

केरीच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. उन्हं कलली होती. धक्क्यावर तोच सकाळचा गडी उभा होता, उघडा, खांद्यावर ओला पंचा, केस ओले. मरणाला जाऊन नदीत बुडी मारून आलेला माणूस कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत असतं. काकी गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उतरली.

"दोन फावटी धक्क्यार येवन बघून गेलंय," तो तिला म्हणाला. भाटकाराकडे त्याने बघितलंही नाही. "दुपारी गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघा होती. 'गाडी इली? गाडी इली?' इचारा होती. मगे व्हरूक लागली. उजवाड आसतानाच व्हरूक होयी." उजेडातच स्मशानात न्यायला हवी, म्हणून लेकीसाठी न थांबता नेली होती.

"तोंडात काय घातल्यात?"

"बांयचा पाणी," गडी म्हणाला. "दुसरा काय होता?"

काकीने मान हलवली. तिने गडूची लाख नखांनी फोडली, तुकडे धक्क्यावर पडू दिले आणि गाडीच्या मागे गेली. टाकीचं झाकण फिरवून काढलं. भाटकार अजून स्टिअरिंगवरच होता. तिला अडवायला उतरेपर्यंत तिने गडू टाकीच्या तोंडात उपडा केला होता. पाणी गळगळ आत गेलं. ती शेवटच्या थेंबापर्यंत थांबली. मग गडू झटकला, झाकण लावलं, नीट घट्ट केलं.

"अगो, पिसा लागला तुका?" तो ओरडला.

"आयेची तान सोपली," ती म्हणाली. "हिची र्‍हवली होती."

रिकामा गडू तिने गाडीच्या पाठीवर ठेवला आणि चालत फेरीवर गेली. गडी तिच्या मागून गेला. फेरीवाल्याने साखळी लावली. ती कठड्याला धरून उभी राहिली, तोंड पलीकडे. या बाजूला तिने एकदाही बघितलं नाही.

फेरी निम्म्या नदीत गेल्यावर भाटकार माझ्याकडे वळला. कोटाची बटणं लावलेली, टोपी नीट, कपाळावर घाम. "आता काय करूचा रे?" तो म्हणाला. "टाकी सोडवशी परत?"

धक्क्यावर परतीची बस वळून उभी होती. मी स्पॅनर त्याच्या सीटवर टाकले, हात त्याच्याच फडक्याला पुसले.

"काका, गंगेचो एक थेंब पडलो काय सगळी गंगाच," मी म्हणालो. "स्टार्टर मारा."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा तो गाडीत बसून स्टार्टर मारत होता.